टफन, बोरोसिलिकेट की लॅमिनेटेड: कोणती काच कुठे घ्यावी

पेटत्या कंदिलाच्या काचेवर पावसाचा थेंब पडला की काच तडकते, हे घरातल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. काच उष्णतेने तडकली असं आपण म्हणतो. खरं तर ती तडकते तापमानातल्या फरकाने. थेंब पडलेला ठिपका थंड होऊन आकसू पाहतो, भोवतालची तापलेली काच त्याला आकसू देत नाही, आणि तो ठिपका ताणला जातो. काच दाब भरपूर सोसते, ताण फारच थोडा सोसते. त्यात पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतातच. ताण आला की त्यातला एखादा उघडतो आणि तडा धावत सुटतो.

मजबूत किंवा उष्णतारोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या काचा याच अडचणीवर काढलेले तोडगे आहेत. एक तोडगा म्हणजे पृष्ठभाग आधीच दाबून ठेवायचा, म्हणजे बाहेरून आलेला ताण आधी तो दाब फेडण्यात खर्च होतो. टफन काच ही अशी. दुसरा म्हणजे मुळात फारशी प्रसरण न पावणारी काच बनवायची. बोरोसिलिकेट (प्रयोगशाळेतल्या बीकरची काच) आणि ग्लास-सिरॅमिक (इंडक्शनचा काळा पृष्ठभाग) या घराण्यातल्या. तिसरा म्हणजे काच फुटणार हे मान्य करून ती खाली पडू द्यायची नाही, ती लॅमिनेटेड. दुकानात मात्र तिन्हींना ‘मजबूत आहे, काही होत नाही’ एवढं एकच विशेषण मिळतं, आणि चुकीच्या जागी चुकीची काच बसते.

आकडे पाहिले की फरक लगेच कळतो. खिडकीची साधी सोडा-लाइम काच घ्या. एक मीटर लांबीची पट्टी 100 अंशांनी तापवली तर ती 0.9 मिलिमीटरने वाढते. बोरोसिलिकेट तेवढ्याच तापमानाला 0.33 मिलिमीटरने वाढते, आणि ग्लास-सिरॅमिक जवळजवळ वाढतच नाही. ही वाढ पूर्ण अडवली तर सोडा-लाइममध्ये साधारण 80 मेगापास्कल (दाब-ताण मोजायचं एकक) ताण येतो, बोरोसिलिकेटमध्ये 26 च्या आसपास. रोजच्या वापरातली साधी काच 40 अंशांच्या फरकालाच धोक्यात येते. टफन 200 अंशांपर्यंतचा फरक झेलते. पण तिची वाढ कमी झालेली नसते, फक्त सहनशक्ती वाढलेली असते. हा मुद्दा स्वयंपाकघरात पुन्हा येणार आहे.

टफन काच

कापून, कडा घासून, भोकं पाडून तयार झालेली काच भट्टीत 620 ते 650 अंशांपर्यंत तापवतात आणि दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत मारून एकदम थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो. आतला नंतर आकसताना बाहेरच्याला आत ओढतो. त्यामुळे पृष्ठभाग दाबात आणि गाभा ताणात कायमचा अडकून राहतो. पृष्ठभागावरचा दाब किमान 69 मेगापास्कल असावा लागतो, आणि अशी काच त्याच जाडीच्या साध्या काचेच्या चार-पाच पट वाकवण सोसते. तिचीच सौम्य बहीण म्हणजे हीट-स्ट्रेंग्थन्ड काच. तिच्यावरचा दाब 24 ते 52 मेगापास्कल असतो, ताकद दुप्पट, पण टफन फुटली की बारीक, बोथट तुकडे होतात, ही फुटते साध्या काचेसारखी मोठ्या तुकड्यांत. म्हणून ती एकटी वापरली तर सुरक्षा काच धरली जात नाही. लॅमिनेटमध्ये मात्र तिला किंमत आहे.

टफन काचेला नंतर हात लावता येत नाही. कापणं नाही, भोक नाही, कड अर्धा मिलिमीटर घासणंही नाही. मापात चूक झाली तर तुकडा वाया गेला, म्हणून फॅब्रिकेटर ‘साईज फायनल करून द्या’ म्हणतो तेव्हा तो आळशीपणा करत नसतो. भिंती कधी काटकोनात नसतात. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून सर्वांत लहान माप धरावं. भोकाचा व्यास काचेच्या जाडीपेक्षा कमी नसावा. भोकाची कड काचेच्या कडेपासून जाडीच्या दुप्पट तरी आत असावी, म्हणजे 10 मिलिमीटरच्या काचेत 20 मिलिमीटर. कटआउटचे, म्हणजे बिजागरी-हँडलसाठी कापलेल्या खाचेचे, आतले कोपरे गोल मागावेत. टोकदार कोपऱ्यातून भट्टीतच तडा जातो. बाजारात जाडी अजून ‘सूत’मध्ये सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला थोडं कमी. त्यामुळे चार सूत म्हणजे साधारण 12 मिलिमीटर हा हिशोब डोक्यात ठेवा आणि बिलावर मात्र मिलिमीटरच लिहून घ्या.

खरी टफन ओळखायची कशी? कोपऱ्यात न पुसला जाणारा शिक्का असतो. त्यावर उत्पादकाची खूण, आयएस 2553 हा मानक क्रमांक आणि आयएसआय चिन्ह पाहावं. शिक्का चिकटवलेला असेल तर तो शिक्का नव्हे. दुसरी चाचणी फुकट आहे: पोलराइज्ड गॉगल लावून काचेवर पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब तिरकस पाहा. हवेच्या झोतांचे ठिपके किंवा पट्टे दिसले तर काच भट्टीतून गेलेली आहे. गाडीच्या मागच्या काचेवर हेच ठिपके दिसतात. मात्र हे ठिपके हीट-स्ट्रेंग्थन्ड काचेवरही दिसू शकतात, त्यामुळे शिक्क्याला पर्याय नाही.

बाथरूमच्या पार्टिशनला 8 किंवा 10 मिलिमीटर टफन हा आमच्या मते योग्य पर्याय. वजन आधी काढा: एका चौरस मीटरला जाडीच्या दर मिलिमीटरमागे अडीच किलो. दोन फूट बाय सात फुटांचं 8 मिलिमीटरचं दार 26 किलोच्या आसपास भरतं, 10 चं 32 किलो. बिजागरी हे वजन पेलणारी हवी. दार फुटतं ते बहुतेकदा धक्क्याने नाही, कडेमुळे. बिजागरीच्या पट्टीखाली रबर गॅस्केट न घालता स्क्रू आवळले, किंवा दार उतरून त्याचा खालचा कोपरा फरशीला घासू लागला, की एखाद्या सकाळी हात न लावता दार खळकन खाली बसतं. पृष्ठभागाच्या मधोमध मूठ मारली तरी काही होत नाही, आणि कोपऱ्यावर ग्रॅनाइटचा हलका टोला पुरतो. त्यामुळे काच उतरवताना कोपरे थर्माकोलवर किंवा लाकडी पट्टीवर टेकवायचे. थेट फरशीवर टेकवणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवा.

कधीकधी मात्र खरंच कोणाचीही चूक नसते. काच वितळवताना निकेल आणि गंधक यांचा सूक्ष्म खडा, निकेल सल्फाइड, आत राहतो. जास्त तापमानाला त्याचं एक स्फटिकरूप असतं, 379 अंशांखाली दुसरं, आणि दुसरं रूप 2 ते 4 टक्क्यांनी मोठं. साधी काच सावकाश थंड होते, तेव्हा बदल आधीच होऊन जातो. टफन काच एकदम थंड होते, खडा जुन्याच रूपात अडकतो आणि पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी फुगतो. तो ताणातल्या गाभ्यात असला तर संपूर्ण काच एका क्षणात फुटते. चौकटीत तुकडे टिकून राहिले असतील तर जिथून तडे फाकलेत तिथे फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे दिसतात. नुकसानीचा वाद घालायचा असेल तर ते तुकडे जपून ठेवा. यावर उपाय म्हणजे ‘हीट सोक’: कारखान्यात काच काही तास 250 ते 300 अंशांत ठेवून खडेवाली काच तिथेच फुटू द्यायची. घरातल्या दारासाठी हा जादा खर्च ऐच्छिक. डोक्यावरच्या काचेसाठी आणि उंच इमारतीच्या दर्शनी भागासाठी तो मागावाच.

ग्लास-टॉप शेगडी

इथे टफन काचेची खरी परीक्षा होते, आणि आमचा शेरा फारसा उदार नाही. शेगडीवरची काच साधारण 6 ते 8 मिलिमीटरची टफन सोडा-लाइम असते. ती 250 अंशांपर्यंत सतत तापली तरी टफनपणा टिकतो. त्यापुढे आतला दाब हळूहळू सैल होत जातो. नीट जळणाऱ्या बर्नरखाली काच कधीच तिथवर जात नाही. अडचण येते ती वापरात.

मोठ्या बुडाचं पातेलं किंवा रुंद लोखंडी तवा ठेवला की ज्योत बाहेर सुटायला जागा मिळत नाही, ती खाली वळते आणि तव्याची धगही काचेवर परतते. बर्नरभोवतीचा पट्टा तापतो, कडा थंडच राहतात. अशा वेळी दूध उतू गेलं किंवा कोणी घाईने ओलं फडकं फिरवलं, की कंदिलाचीच गोष्ट. भाकरीचा तवा उतरवून काचेवरच टेकवणं ही आणखी एक सवय. तव्याचं बूड 250 अंशांच्या सहज वर असतं. तिसरं कारण सर्वांत धोकादायक आणि सर्वांत कमी तपासलं जाणारं: बर्नरची भोकं उतू गेलेल्या दुधाने बुजली किंवा जेट (गॅस सोडणारं बारीक तोंड) आणि मिक्सिंग ट्यूब (गॅस-हवा मिसळणारी नळी) यांची जागा सरकली, तर गॅस काचेखाली जळतो. ज्योत पिवळी पडणं, बर्नरमधून फुसफुस आवाज येणं किंवा नॉब गरम लागणं ही त्याची लक्षणं. अशी शेगडी बंद करून मेकॅनिकला दाखवायची, मगच वापरायची.

घरी रोज भाकरी, मोठे कुकर आणि सणासुदीला दहा माणसांचं पातेलं चढत असेल तर स्टीलची शेगडी घ्या. दिसायला साधी असेल, पण तिला दुधाची भीती नाही. दोन-तीन माणसांचा, बेताच्या भांड्यांचा स्वयंपाक असेल तर ग्लास-टॉप पुसायला सोपी आणि टिकाऊ ठरते. घेताना पॅन सपोर्टची, म्हणजे भांडं टेकतं त्या जाळीची, उंची बघा. काचेपासून भांडं जितकं वर, तितकं बरं.

ताटं, बाऊल, बेकिंगची भांडी

कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हाताळलेला बीकर बोरोसिलिकेटचा होता. ऐंशी टक्के सिलिका, तेरा टक्क्यांच्या आसपास बोरॉन ऑक्साइड. जर्मनीत येना इथे ओटो शॉटने ही काच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी विकसित केली, कॉर्निंग या काच कंपनीने 1915 मध्ये तिची पायरेक्स भांडी अमेरिकेत आणली, आणि 1962 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कंपनीमुळे आपल्याकडे बोरोसिल हे या काचेचंच नाव होऊन बसलं. नाव आणि काच मात्र एक नव्हे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेलं पायरेक्स आज टफन सोडा-लाइमचं असतं, तर युरोपात विकलं जाणारं बोरोसिलिकेटचं. ब्रँड पाहून निर्णय घेऊ नका, डब्यावर ‘बोरोसिलिकेट’ हा शब्द शोधा.

दोघांत डावं-उजवं कोण? कामावर ठरतं. फ्रिजमधला 5 अंशांचा बाऊल काढून त्यात उकळतं पाणी ओतलं तर फरक 95 अंशांचा. बोरोसिलिकेटची पातळ भिंत तो सहज झेलते. टफन सोडा-लाइम नवं असताना झेलतं. पण वर्षभर तारेच्या घासणीने घासलं, कडेला टवका गेला, की दाबाचा थर जागोजागी कापला जातो, आणि मग ओव्हनमधून काढून ओल्या ओट्यावर ठेवल्यावर ते फुटतं. फुटतं तेही मोठा आवाज करत, कारण आतला ताण एकदम सुटतो. याउलट सिंकमध्ये हातातून निसटलं तर टफन वाचण्याची शक्यता जास्त; बोरोसिलिकेट पडण्याला साध्या काचेइतकंच कच्चं असतं आणि फुटलं तर लांब, धारदार तुकडे होतात. म्हणून ओव्हन आणि मायक्रोवेव्हसाठी बोरोसिलिकेट, रोज जेवायला आणि मुलांच्या हातात टफन, असा आमचा कौल.

बोरोसिलिकेट ओळखायची गमतीदार चाचणी घरातच होते. वाटीत शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल घ्या आणि भांड्याची कड किंवा फुटका तुकडा त्यात बुडवा. बोरोसिलिकेटचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) 1.47, तेलाचाही जवळपास तेवढाच. तुकडा तेलात जणू नाहीसा होतो. सोडा-लाइमचा 1.52 असल्याने त्याची कड स्पष्ट दिसत राहते. टफन आहे का हे पाहायला लॅपटॉपचा पांढरा पडदा लावा, भांडं त्यापुढे धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघत गॉगल फिरवा. पडदा काळा होईल तेव्हाही भांड्यात उजळ पट्टे दिसले तर आत ताण कोंडलेला आहे. या दोन चाचण्यांत दहा मिनिटं जातात आणि दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही.

वापराचे नियम थोडेच. ओव्हनमधून काढलेलं भांडं ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवू नका. दगड उष्णता झपाट्याने ओढतो, ओला असेल तर आणखी. लाकडी पाट किंवा कोरडं, दुमडलेलं फडकं चालतं. फ्रीझरमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नाही. गॅसच्या ज्योतीवर बोरोसिलिकेटसुद्धा नाही. प्रयोगशाळेत बीकरखाली तारेची जाळी ठेवतात ती उगाच नव्हे. फक्त पातळ भिंतीची, ज्योतीसाठीच बनवलेली किटली याला अपवाद, आणि तसं तिच्यावर लिहिलेलं असावं लागतं.

पांढरी ओपल ताटं ही वेगळीच जात. फ्लुओराइडमुळे काच दुधी होते आणि बहुतेक ताटं टफनही केलेली असतात. 1970 मध्ये आलेला कोरेल हा ब्रँड तर तीन थरांचा असतो: बाहेरचे थर कमी आकसणारे, मधला जास्त, त्यामुळे थंड होताना बाहेरची बाजू आपोआप दाबात येते. पातळ, हलकी, मायक्रोवेव्हला ठीक. शेगडीवर नाही.

इंडक्शनचा काळा पृष्ठभाग चांगल्या शेगडीत ग्लास-सिरॅमिकचा असतो. 1953 मध्ये कॉर्निंगमधल्या डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी ठरवल्यापेक्षा खूप जास्त तापली आणि काच वितळण्याऐवजी स्फटिकमय झाली, तिथून हा प्रकार निघाला. तापल्यावर त्यातले स्फटिक किंचित आकसतात, उरलेली काच वाढते, आणि दोघांचा हिशोब शून्याजवळ जातो. लाल तापलेल्या जागेवर गार पाणी पडलं तरी चालतं. त्याचे शत्रू दोन: कुकरच्या बुडाची कड आपटणं आणि साखर. चिक्कीचा किंवा गुळाचा पाक सांडून तिथेच थंड झाला तर तो आकसताना पृष्ठभागाचा पापुद्रा उचकटून आणतो. पाक गरम असतानाच खरवडून काढायचा, हात जपून.

बाल्कनीची रेलिंग

इथे तडजोड नको. एकेरी टफन काच रेलिंगला लावू नये, कितीही जाड असली तरी. ती फुटली की पूर्ण खाली येते, आणि त्याच क्षणी तिथे टेकलेलं माणूसही. दोन काचांमध्ये पीव्हीबी या पारदर्शक प्लॅस्टिकचा थर दाबून बनवलेली लॅमिनेटेड काच फुटली तरी तुकडे थराला चिकटून राहतात. गाडीची पुढची काच याच जातीची. पीव्हीबीचा थर 0.38 मिलिमीटरच्या पटीत येतो, रेलिंगला टफन काचांमध्ये 1.52 मागावा. दोन्ही टफन काचा एकदम फुटल्या तर पीव्हीबीचं लॅमिनेट ओल्या घोंगडीसारखं लोंबू लागतं, उन्हात थर मऊ पडतो तेव्हा जास्तच. वरून स्टीलचा कठडा घातला तर हा धोका खूप कमी होतो. कठडा नको असेल तर पीव्हीबीऐवजी आयोनोप्लास्ट या जास्त ताठ प्लॅस्टिकचा थर घ्या. महाग, पण फुटल्यावरही उभा राहतो. हीट-स्ट्रेंग्थन्ड काचांचं लॅमिनेटही फुटल्यावर जास्त ताठ असतं, कारण तुकडे मोठे असतात.

कोकण, मुंबई, गोवा इथल्या पावसात लॅमिनेटच्या उघड्या कडा पांढरट होऊन सुटायला लागतात. थर हवेतला ओलावा ओढतो. खालच्या चॅनेलमध्ये पाणी साचणार नाही अशी भोकं ठेवून घ्या. सिलिकॉन न्यूट्रल जातीचाच वापरायला सांगा; ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा उग्र वास आला तर तो लॅमिनेटच्या कडेला लावू देऊ नका, त्यातलं आम्ल थराची पकड सोडवतं.

खिडकीच्या साध्या काचेवर गडद फिल्म चिकटवण्याची हौस असेल तर एवढं लक्षात ठेवा: फिल्ममुळे काच ऊन जास्त शोषते, चौकटीत दडलेली कड थंड राहते, आणि कडेला काटकोनात सुरू होणारा एकच वळणदार तडा जातो. तसा तडा दिसला तर दगड कोणी मारलेला नाही.

मोबाइलवरचं ‘टेम्पर्ड ग्लास’ हवेच्या झोताने टफन झालेलं नसतं; 0.33 मिलिमीटरच्या काचेत तो थर बसायला जागाच नाही. ती पोटॅशियम नायट्रेटच्या वितळलेल्या क्षारात बुडवून काढतात. सोडियमच्या जागी मोठे पोटॅशियमचे आयन घुसतात आणि पृष्ठभाग दाबला जातो. पाकिटावरचा ‘9एच’ हा पेन्सिलीच्या कठीणपणाचा आकडा आहे, खनिजांच्या कठीणपणाच्या मोह्स मापपट्टीतला, जिच्यात हिरा 10 वर असतो, 9 नव्हे. वाळूचा कण त्यावर ओरखडा काढतोच.

आणि फुटलेलं बोरोसिलिकेट भंगारवाल्याला बाटल्यांबरोबर देऊ नका. ते बाटलीच्या काचेपेक्षा जास्त तापमानाला वितळतं, भट्टीत न वितळलेला खडा म्हणून राहतं आणि नव्या बाटलीत तडा होऊन बसतं. कागदात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून, सुक्या कचऱ्यात वेगळं द्या.